जुने मूकपट जमवायचेत? आधी प्रत बघा, पिक्चर नंतर

चॅप्लिन, बस्टर कीटन, हॅरल्ड लॉइड, जाड्या-रड्या (लॉरेल-हार्डी) ही सगळी मंडळी यूट्यूबवर फुकटात दिसत असताना डिस्क कशाला विकत घ्यायची, हा प्रश्न नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो आणि तो रास्तच आहे. उत्तर सरळ आहे. शंभर वर्षं जुन्या मूकपटाच्या बाबतीत आपण पिक्चर विकत घेत नसतो, आपण त्या पिक्चरची एक ठरावीक प्रत घेत असतो. कीटनचा 'द जनरल' १९२६ चा, अमेरिकेत त्याचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, म्हणजे कुणीही उठावं आणि त्याची डिस्क काढावी, आणि लोकांनी काढल्यात पण ढिगाने. एकीत इंजिनाच्या चाकांवरचे रिव्हेट मोजता येतात, दुसरीत कीटनचा चेहरा म्हणजे पांढरा ठिपका, आणि दोन्हींच्या कव्हरवर फोटो मात्र तोच. नवीन माणूस इथेच गंडतो. म्हणून मी खाली जे सांगतेय त्यात कुठली फिल्म ग्रेट यावर कमी आणि प्रत कशी ओळखायची यावर जास्त बडबड असेल.

पायरी १: आधी फुकट बघा

हो, खरंच. पैसे घालायच्या आधी एक महिनाभर इंटरनेट अर्काइव्ह किंवा यूट्यूबवर जे मिळेल ते बघून घ्या, प्रिंट खराब असली तरी चालेल, कारण तुम्हाला नेमका कोण आवडतो हे आधी कळायला हवं. चॅप्लिन आवडतो म्हणजे कीटन आवडेलच असं नाही. कीटन तोंडावरची रेषही हलवत नाही आणि मागे अख्खं घर कोसळतं, लॉइड साधा चष्मेवाला पोरगा असतो पण बिल्डिंगच्या घड्याळाला लटकतो, लॉरेल-हार्डीचं सगळं हळूहळू चिघळत जातं. छोट्या फिल्म्सपासून सुरुवात करा, कीटनची 'वन वीक' (१९२०) किंवा चॅप्लिनची 'इझी स्ट्रीट' (१९१७), वीस-पंचवीस मिनिटांचा मामला. दोन तासांच्या एखाद्या महाकाय मूकपटाने सुरुवात केलेले बरेच लोक परत या वाटेला फिरकत नाहीत, मग ते 'मूकपट बोअर असतात' असं सांगत फिरतात.

कायद्याचं थोडक्यात: आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, त्यामुळे मूकपटांचा जमाना त्यातून कधीच बाहेर पडलाय. पण डिस्कवरचं नवीन संगीत, नवीन कॉमेंटरी या गोष्टींचे हक्क वेगळे असतात, हे डोक्यात ठेवा, शेवटी परत लागेल.

पायरी २: प्लेअर आणि रीजनची भानगड

डिस्क आधी आणि प्लेअर नंतर असं करू नका. बाहेरून मागवलेली डिस्क घरच्या प्लेअरमध्ये टाकली आणि स्क्रीनवर 'रीजन चुकीचा' असा मेसेज आला की सगळा उत्साह गळून पडतो.

रीजन म्हणजे डिस्क ज्या भागात विकायची तिथल्याच प्लेअरवर चालावी म्हणून घातलेलं लॉक. डीव्हीडीसाठी जगाचे नंबर पाडलेत. अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, आणि आपण ५. ब्लू-रेमध्ये अक्षरं आहेत: अमेरिका खंड, जपान, कोरिया ए मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत, चीन, रशिया सी मध्ये. आता गंमत अशी की मूकपटांच्या चांगल्या डिस्क ९९ टक्के ए किंवा बी मध्येच निघतात, सी मध्ये आपल्यासाठी म्हणून कोण काढणार. त्यामुळे भारतात बसून हा नाद करायचा तर मल्टी-रीजन ब्लू-रे प्लेअर हवाच. असे प्लेअर कंपनी देत नाही, विक्रेते त्यात बदल करून विकतात, तर घेताना डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्हीसाठी मल्टी-रीजन आहे ना ते स्पष्ट विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी फक्त डीव्हीडीचं लॉक उघडलेलं असतं आणि जाहिरातीत नुसतं 'रीजन फ्री' लिहितात.

फोर-के यूएचडी, म्हणजे ब्लू-रेच्या पुढच्या पिढीच्या डिस्कला रीजनची कटकट नाही, कुठलीही कुठेही चालते. पण त्याच डब्यात जोडीला जी ब्लू-रे येते तिला लॉक असू शकतं, आणि एक्स्ट्रा मटेरियल बऱ्याचदा तिच्यावरच असतं.

लॅपटॉपवर बघणार असाल तर डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन साधारण पाच वेळाच बदलता येतो, त्यानंतर तो शेवटच्या रीजनला कायमचा चिकटतो. व्हीएलसी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी बहुतेक वेळा विनातक्रार चालते. ब्लू-रे मात्र कॉम्प्युटरवर चालवणं म्हणजे डोक्याला ताप, मी तर म्हणेन सरळ प्लेअर घ्या.

आणि अमेरिकेहून कुणी प्लेअर आणणार असेल तर मागचं लेबल वाचायला सांगा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक, नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० च्या सॉकेटात घातल्या घातल्या त्याचा निकाल लागेल. नवीन टीव्हींना एनटीएससी (अमेरिकेची टीव्ही पद्धत) आणि पाल (आपली आणि युरोपची) दोन्ही सिग्नल चालतात, जुन्या डबा टीव्हीवर बघत असाल तर ते पण तपासा.

पायरी ३: प्रत ओळखायला शिका

इथे जरा थांबू, कारण सगळी मजा इथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे या फिल्म्स वाचल्यात किती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये एक अहवाल काढला, त्यानुसार तिथे बनलेल्या जवळपास ११,००० मोठ्या मूकपटांपैकी फक्त १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत. बाकी जळाले, सडले, चांदी काढायला वितळवले किंवा सरळ फेकून दिले. विनोदी फिल्म्स त्यातल्या त्यात नशीबवान, कारण त्या लोकांना परत परत बघायच्या असायच्या, मग त्यांच्या घरी बघायच्या छोट्या प्रिंट्सही निघायच्या. पण परत परत चालवल्यामुळेच त्या झिजल्या सुद्धा. स्वस्तातल्या डिस्कवर जे दिसतं ते अशाच झिजलेल्या १६ एमएम प्रिंटवरून व्हीएचएसवर आणि व्हीएचएसवरून डीव्हीडीवर उतरवलेलं असतं, झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स.

मग डिस्क घेताना काय काय बघायचं?

स्पीड. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला १६ फ्रेम, १८, २०, २२, कॅमेरामनच्या हातावर आणि सीनवर अवलंबून. बोलपट आल्यावर २४ फ्रेम पक्कं झालं. आता १८ ने काढलेली फिल्म २४ ने चालवली की माणसं तुरुतुरु पळायला लागतात, आणि 'जुने पिक्चर असेच असतात' हा समज तिथून आलाय. हिशोब सोपा आहे, ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, एक रीळ साधारण १००० फुटांचं, म्हणजे १६,००० फ्रेम. २४ च्या स्पीडने ते रीळ ११ मिनिटांत संपतं, २० ने १३ मिनिटं २० सेकंद, १६ ने १६ मिनिटं ४० सेकंद. म्हणून एकाच फिल्मच्या दोन डिस्कवर वेळ वेगवेगळी दिसली तर लगेच 'हिच्यात सीन कापलेत' असा निष्कर्ष काढू नका, स्पीडचाही फरक असू शकतो. आणि उलटही एक सांगते, सगळं नॉर्मल चालीत दिसायलाच हवं हा हट्ट पण चुकीचा. कॉमेडीवाले मुद्दाम कॅमेरा हळू फिरवायचे, म्हणजे पडद्यावर पळापळ जरा जास्त झपाट्यात दिसावी. कीस्टोन कंपनीचे पोलीस रस्त्यावरच्या माणसासारखे चालायला लागले तर हसू कुठून येणार? चांगला रिस्टोरेशनवाला, म्हणजे जुनी प्रत साफसूफ करून नीट करणारा, हे सीनगणिक ठरवतो.

युरोपातल्या पाल डीव्हीडीत अजून एक गोम असते, तिथे २४ ची फिल्म २५ ने चालवतात म्हणजे सगळं ४ टक्के फास्ट, १०० मिनिटांचा बोलपट ९६ मिनिटांत. ब्लू-रेवर हा त्रास सहसा नसतो.

फ्रेमची डावी बाजू. हे फार कुणी सांगत नाही. मूकपटाचं चित्र फिल्मची पूर्ण रुंदी वापरायचं, बोलपट आल्यावर डावीकडची एक पट्टी आवाजाच्या ट्रॅकला गेली. मग जुन्या मूकपटांच्या नवीन प्रिंट काढताना कित्येकदा डावी बाजू सरळ छाटली गेली. कीटनसारखा माणूस फ्रेमच्या कडेकडेने गमती पेरून ठेवणारा, त्याची कड कापली की जोक अर्धाच राहतो. चित्र ४:३ च्या आसपास, जवळजवळ चौकोनी दिसलं पाहिजे. टीव्ही भरण्यासाठी वरून-खालून कापून रुंद केलेली प्रत दिसली तर हात पण लावू नका.

आवृत्ती. चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' १९२५ चा, पण १९४२ मध्ये त्याने स्वतःच त्यातल्या संवादांच्या पाट्या काढल्या, स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, संगीत दिलं, शेवटचं चुंबन उडवलं आणि परत रिलीज केला. बऱ्याच डिस्कवर '१९२५' लिहून आत ४२ ची आवृत्ती असते, किंवा उलट. मला विचाराल तर मूकच जास्त आवडतो, चॅप्लिन बोलायला लागला की तो समजावून सांगायला लागतो. पण दोन्ही बघण्यासारख्या आहेत आणि क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या डिस्कवर दोन्ही मिळतात. 'द किड' (१९२१) चं पण तसंच, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला म्हाताऱ्या चॅप्लिनने काही सीन कापून आणि संगीत देऊन तो नव्याने आणला. लॉइडच्या फिल्म्स त्याच्या मृत्यूनंतर टीव्हीसाठी कापाकापी करून, वर निवेदकाची बडबड आणि टुंग-टांग आवाज घालून निघाल्या होत्या, त्या प्रती जुन्या टेपवर अजून सापडतात. लांब राहा.

याच्याही पुढची गंमत म्हणजे त्या काळी दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून शूटिंग व्हायचं, एक निगेटिव्ह अमेरिकेसाठी, दुसरी परदेशात पाठवायला. त्यामुळे कीटनच्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' (१९२८) च्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर काही शॉट वेगळ्या अँगलने आणि काही चक्क वेगळ्याच टेकचे दिसतात. त्याच्या 'द ब्लॅकस्मिथ' ची तर वेगळे सीन असलेली आवृत्ती २०१३ मध्ये अर्जेंटिनात फर्नांदो पेन्या या संशोधकाने शोधली, आणि नव्या सेटमध्ये ती आहे, जुन्यात नाही.

संगीत. मूकपट मुका कधीच नव्हता, थिएटरात पियानो किंवा ऑर्गन किंवा अख्खा ऑर्केस्ट्रा असायचा. फडतूस डिस्कवर कुठलातरी एक रॅगटाइम पियानो लूपवर लावलेला असतो, अंत्ययात्रा चाललीय आणि मागे टिंग टिंग टिंग. डब्यावर संगीतकाराचं नाव आहे का बघा. कार्ल डेव्हिस, रॉबर्ट इस्राएल, मॉन्ट आल्टो ऑर्केस्ट्रा अशी नावं असतील तर मंडळींनी मेहनत घेतलीय असं समजा. नावच नसेल तर तोच तुमचा इशारा.

रंग. हो, मूकपटांना रंग असायचे, रात्र दाखवायला प्रिंट निळी रंगवायची, दिव्याचा उजेड पिवळसर. सगळ्या फिल्म्सना नव्हते, पण निळा सीन दिसला तर टीव्ही बिघडला म्हणून सेटिंग बदलू नका. याच्या उलट, लॉरेल-हार्डीच्या काही फिल्म्स नंतर कॉम्प्युटरने रंगवल्या गेल्या, तो प्रकार वेगळा आणि माझ्या मते टाळण्यासारखा.

आता हे सगळं डब्यावरून कसं कळणार? मागच्या बाजूला बारीक अक्षरात रिस्टोरेशन कुणी केलं ते वाचायचं. चॅप्लिनच्या फिल्म्सवर इटलीतल्या चिनेतेका दि बोलोन्या या संस्थेने वर्षानुवर्षं काम केलंय, तिथली लॅब लिमाजिने रित्रोवाता, आणि पॅरिसची लोबस्टर फिल्म्स, ही नावं दिसली की निम्मं काम झालं. घेण्याआधी डीव्हीडीबीव्हर या साइटवर वेगवेगळ्या डिस्कचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावलेले असतात ते बघा, आणि सायलेंट एरा नावाच्या साइटवर बऱ्याच मूकपटांच्या कुठल्या कुठल्या डिस्क निघाल्या आणि त्या कशा आहेत याची यादी असते. तिथे दहा मिनिटं घालवली तर दोन हजार वाचतात.

पायरी ४: कुणाचं काय घ्यायचं

चॅप्लिनपासून सुरुवात करणार असाल तर म्यूच्युअल कंपनीच्या बारा फिल्म्स घ्या, १९१६-१७ च्या. त्याने स्वतः म्हणे तो काळ सगळ्यात सुखाचा मानला होता, आणि बघताना ते कळतं. अमेरिकेत फ्लिकर अ‍ॅलीने आणि इंग्लंडमध्ये बीएफआयने (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) काढल्यात. त्याच्या आधीच्या कीस्टोनच्या १९१४ च्या फिल्म्स अभ्यासाला ठीक, पण नवीन माणसाला ते नुसतं लाथाबुक्क्यांचं वाटेल. मोठ्या फिल्म्स, म्हणजे 'सिटी लाइट्स', 'मॉडर्न टाइम्स', 'द सर्कस', या क्रायटेरियनच्या घेतल्या तर परत घ्यायला लागत नाहीत. 'द गोल्ड रश' ला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली आणि त्याची नवी फोर-के प्रत कान महोत्सवात दाखवली, तेव्हा हा एक घ्यायची घाई नको, नवीन डिस्क निघालीय का ते आधी बघा.

कीटन. त्याच्या १९१७ ते १९२३ च्या शिल्लक असलेल्या छोट्या फिल्म्स, एकूण ३२, एकाच सेटमध्ये मिळतात, अमेरिकेत किनो लॉर्बरचा, इंग्लंडमध्ये युरेका कंपनीच्या मास्टर्स ऑफ सिनेमाचा. तुमचा प्लेअर ज्या रीजनचा त्याप्रमाणे घ्या. एकच डबा घ्यायची ऐपत किंवा इच्छा असेल तर मी डोळे झाकून हा सांगेन. यात सुरुवातीच्या फिल्म्स रॉस्को आर्बकल या विनोदी नटाबरोबरच्या आहेत, तिथे कीटन पहिल्यांदा पडद्यावर आला, आणि 'वन वीक' पासून पुढे तो स्वतःचा मालक. मग मोठ्यांपैकी 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४, जेमतेम ४५ मिनिटं), 'अवर हॉस्पिटॅलिटी', 'द जनरल'. कीटनच्या फिल्म्स वाचल्या त्याची पण एक गोष्ट आहे, पन्नासच्या दशकात बेव्हर्ली हिल्समधलं त्याचं जुनं घर नट जेम्स मेसनकडे होतं आणि तिथे पडून असलेल्या डब्यांमध्ये त्याच्या फिल्म्स सापडल्या. डबे कुणी उघडलेच नसते तर?

लॉइड स्वतःच्या फिल्म्सचा मालक होता आणि शेवटपर्यंत त्याने त्या घट्ट धरून ठेवल्या, त्यामुळे फडतूस प्रती कमी, पण कित्येक वर्षं लोकांना बघायलाही कमीच मिळाल्या. १९४३ मध्ये त्याच्या बंगल्यातल्या फिल्मच्या कोठाराला आग लागून बऱ्याच सुरुवातीच्या फिल्म्स गेल्या. 'सेफ्टी लास्ट' (१९२३), 'द फ्रेशमन', 'स्पीडी', 'द किड ब्रदर' हे चार क्रायटेरियनने काढलेत. घड्याळाला लटकतानाचा सीन बघताना त्याच्या उजव्या हाताकडे लक्ष द्या, १९१९ मध्ये खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब फुटला आणि अंगठा व तर्जनी गेली, नंतरच्या सगळ्या फिल्म्समध्ये तो हातमोजा घालून आहे.

जाड्या-रड्या म्हणजे लॉरेल-हार्डी आपल्याकडे बोलपटांमुळे जास्त माहीत, पण त्यांच्या मूक छोट्या फिल्म्स जबरदस्त आहेत. फ्लिकर अ‍ॅलीने 'इयर वन' आणि 'इयर टू' असे १९२७ आणि १९२८ चे सेट काढलेत. त्यांची 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' ही केक फेकाफेकीची फिल्म, तिचं दुसरं रीळ हरवलेलं होतं, १९५७ च्या एका संकलनात घेतलेला तुकडा तेवढा लोकांना माहीत होता, आणि २०१५ मध्ये एका संग्राहकाच्या साठ्यात ते रीळच सापडलं. ती २०२० च्या 'डेफिनिटिव्ह रिस्टोरेशन्स' सेटमध्ये आहे. 'हॅट्स ऑफ' मात्र अजून बेपत्ता.

हे चौघं झाले की हॅरी लँगडन, चार्ली चेस, मेबल नॉर्मंड, फ्रान्सचा मॅक्स लिंडर. पण ते तुमचं तुम्ही शोधा, तोवर नाद लागलेला असेल.

आपल्या मूकपटांचं काय, असं कुणी विचारेलच. विकत घेण्यासारखं फारच थोडं. दादासाहेब फाळक्यांनी १९१४ च्या सुमारास 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्म केली होती, पण ती दुकानात मागायची सोय नाही. त्यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) चा बराच भाग वाचलाय, त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय, तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे बघायला मिळतो. 'शिराझ' (१९२८) विनोदी नाही, पण भारतात शूट झालेला मूकपट नीट रिस्टोअर होऊन डिस्कवर कसा दिसतो हे बघायचं तर बीएफआयची अनुष्का शंकरच्या संगीताची प्रत आहे.

पायरी ५: पैसे आणि खरेदी

क्रायटेरियनच्या ब्लू-रेची छापील किंमत ३९.९५ डॉलर, ती देऊन कुणी घेत नाही, निदान घेऊ नये. बार्न्स अँड नोबल ही अमेरिकन पुस्तकांची दुकानं जुलैत आणि नोव्हेंबरमध्ये अर्ध्या किमतीचा सेल लावतात, क्रायटेरियन स्वतः पण वर्षातून एक-दोनदा चोवीस तासांचा अर्ध्या किमतीचा सेल लावतं. अमेरिकेत कुणी मावसभाऊ, वर्गमैत्रीण असेल तर सेलमध्ये त्यांच्या पत्त्यावर मागवायचं आणि दिवाळीला येताना बॅगेत आणायला सांगायचं, हा आपल्याकडचा आद्य आणि सर्वात स्वस्त मार्ग. फक्त दहा-दहा डबे लादू नका, सेट असेल तर प्लॅस्टिकचं कव्हर काढून डिस्क आणि पुस्तिका तेवढी आणायला सांगा, वजन निम्मं होतं. टपालाने मागवलं तर कस्टम ड्युटी बसू शकते, वर कुरिअरवाला स्वतःचा चार्ज लावतो, तो हिशोब आधीच धरा.

इथल्या जुन्या बाजारात, म्हणजे मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, डीव्हीडी आणि व्हीसीडीचे ढीग अजून दिसतात. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा घराघरात जे साठलं ते आता तिथे येतंय. जुने मराठी-हिंदी सिनेमे शोधायला ही जागा उत्तम, कित्येक मराठी पिक्चर नंतर कधी परत निघालेच नाहीत. पण मूकपटांसाठी व्हीसीडी घेऊ नका, तिचं चित्र ३५२ बाय २८८, पाल डीव्हीडीच्या साधारण पाव. आणि 'एका डिस्कवर ५० कॉमेडी' असा पॅक दिसला तर स्वतःलाच विचारा, ८.५ जीबीच्या डिस्कवर ५० फिल्म्स कोंबल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला काय आलं असेल.

सेकंडहँड घेताना डिस्क उजेडासमोर धरा, बारीक ओरखडे चालतात, टाचणीएवढी भोकं दिसली तर सोडा. जांभळट-निळसर खालची बाजू दिसली तर ती बहुधा घरी बर्न केलेली डीव्हीडी-आर आहे. काही कंपन्या ऑर्डरप्रमाणे अधिकृतपणेही अशा डिस्क काढतात, चालतात, पण छापील डिस्कइतक्या टिकतील असा भरवसा नाही.

पायरी ६: जपणूक, मुख्यतः पावसाळ्यात

अमेरिकन संग्राहक धुळीबद्दल बोलतात, आपल्याला बुरशीबद्दल बोलावं लागतं. मुंबईत आणि कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातली चामड्याची चप्पल हिरवी होते तिथे छापील पुस्तिकांचं काय होईल विचार करा. डिस्क उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वर्षानुवर्षं तशाच न ठेवता बदला. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही. वर कागदी लेबल चिकटवू नका.

डिस्क आतूनही खराब होते, त्याला डिस्क रॉट म्हणतात, आणि ते तुमच्या काळजीवर नाही तर कारखान्यावर अवलंबून असतं. २००६ ते २००८ च्या काळात छापलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी अशा बिघडल्याचं कंपनीनेच २०२५ मध्ये मान्य केलं. म्हणून नवीन आणलेली किंवा जुनी घेतलेली डिस्क लगेच शेवटपर्यंत चालवून बघा. सीलबंद ठेवून देण्यात काही अर्थ नाही, सील उघडेपर्यंत बदलून मिळायची मुदत गेलेली असते.

व्हीएचएस टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती टेप चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला लागून पुढच्या टेपलाही लागते.

आणि कुठे आजोबांच्या ट्रंकेत खरीखुरी फिल्मची रिळं सापडली तर? अमेरिकेत ब्लॅकहॉक फिल्म्स नावाची आयोवातली कंपनी कीटन, लॉरेल-हार्डीच्या ८ आणि १६ एमएम प्रिंट घरी बघायला विकायची, तशी कुठलीतरी असू शकते. ८ आणि १६ एमएम असेल तर घाबरायचं कारण नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर फिल्म कुजायला लागलीय, ती बाकीच्या फिल्म्सपासून लांब ठेवा. पण ३५ एमएम असेल आणि कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं नसेल तर ती नायट्रेट, म्हणजे झटकन पेट घेणारी जुनी फिल्म असू शकते. ती पेटली की पाण्याखालीही विझत नाही. प्रोजेक्टरवर चढवू नका, उन्हात नेऊ नका, माळ्यावर परत ठेवू नका, सरळ पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. कोण जाणे, कधी कुठलं हरवलेलं रीळ कुठे निघेल. मिशिगनमधल्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रीत २०१० च्या आसपास चॅप्लिनची 'अ थीफ कॅचर' अशीच निघाली, घेणाऱ्यालाही आधी माहीत नव्हतं.

वही आणि पाहुणे

एक एक्सेल शीट पहिल्या डिस्कपासूनच करा. फिल्मचं नाव, वर्ष, कुठल्या कंपनीची डिस्क, रीजन, रिस्टोरेशन कुणाचं, मिनिटं किती, संगीत कुणाचं, किती रुपयांना, आणि कुणाला दिलीय. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. रिस्टोरेशनचा रकाना भरला की नवीन डिस्क निघाल्यावर ती तीच जुनी स्कॅन नव्या कव्हरात आहे की खरंच नवीन आहे हे लगेच कळतं, कारण कंपन्या हे धंदे करतातच.

घरी चार लोकांना दाखवायचं असेल तर दोन रिळांच्या फिल्मपासून सुरू करा, टीव्हीचं ते चेहरे गुळगुळीत करणारं मोशन सेटिंग बंद करा, आणि पाट्या इंग्रजी असतात तर आजी किंवा लहान मुलं असतील तिथे एकाने मोठ्याने मराठीत वाचाव्यात, त्याने मजा वाढतेच. सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून सगळ्यांना दाखवायचा बेत असेल तर मात्र डिस्कवर 'फक्त घरगुती वापरासाठी' लिहिलेलं असतं ते लक्षात घ्या, पिक्चर हक्कमुक्त असला तरी त्यावरचं संगीत नसतं. अशा वेळी ज्या कंपनीची डिस्क आहे तिला आधी मेल टाकून विचारायचं. आणि आवाज बंद करून शेजारचा कीबोर्ड वाजवणारा मुलगा पकडायचा विचार असेल तर त्याला फिल्म आधी दोनदा दाखवा, कारण कीटन पडायच्या आधी अर्धा सेकंद थांबतो आणि तो अर्धा सेकंद वाजवणाऱ्याला माहीत असावा लागतो.